साबणवालीच्या गळ्यातली काळी पोत

तमाम जनतेस, आणि विशेषेकरून आमच्या घराण्यातल्या हयात व गैरहयात मंडळींस, अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, आमचे आतोबा, जे बारा वर्षांमागे ‘शुक्रवारी येतो’ असे सांगून पापनाशमच्या बसमध्ये चढले आणि त्यानंतर कुठल्याच शुक्रवारी आले नाहीत, ते तंजावुरात रेल्वेच्या पुलाजवळ, एका पडक्या गोदामाच्या भिंतीवर, कपडे धुण्याच्या साबणाच्या जाहिरातीतल्या एका गोऱ्यापान बाईच्या गळ्यात सापडले आहेत.

ही घोषणा मी केली ती जेवणाच्या पानावरून. डाव्या हातात पाण्याचा लोटा दवंडीच्या ढोलासारखा धरला होता आणि आवाज कलेक्टर कचेरीच्या शिपायाकडून उसना आणला होता. पगार मला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवण्याचा मिळे, पण घरातलं माझं खातं हशा पिकवण्याचं. थोरल्या काकांनी भात कालवता कालवता मान वर केली. आत्या वाढत होती. तिच्या हातातली पळी हवेतच थांबली आणि पळीतलं सांबार थेंब थेंब खाली गळत राहिलं.

कुणी हसलं नाही.

त्याचं कारण असं की, त्याच आठवड्यात काकांनी तिरुवैयारूच्या भटजींना निरोप धाडला होता. माणूस बारा वर्षं बेपत्ता राहिला, जिता की मेला काहीच कळलं नाही, तर दर्भाचा माणूस करायचा, तोच हा असं समजून त्याला अग्नी द्यायचा, त्याचे दिवस करायचे, आणि त्याच्या बायकोनं गळ्यातली काळी पोत उतरवायची. शास्त्र आहे. आम्ही मंडळी पिढ्यानपिढ्या तमिळ मुलखात राहिलेली. बाजारात तमिळ, कचेरीत इंग्रजी आणि स्वयंपाकघरात मराठी. देवनागरी वाचणारा घरात मी एकटा, तोही हौसेनं शिकलेला. पण शेजारणी पिवळ्या दोऱ्यात ताली बांधतात आणि आमच्या बायका काळे मणी घालतात, एवढा फरक मात्र सगळ्यांनी जिवापाड जपलेला.

काकांचा निरोप गेला त्या दिवशी आत्या भांडली नाही, रडली नाही. पोतीचा दोरा जुना झाला म्हणाली आणि मागच्या पडवीत बसून सगळे मणी नव्या दोऱ्यात ओवून घेतले. काकांना तिनं दिलेलं उत्तर तेवढंच.

आतोबा पेंटर होते. काका त्यांना ‘कलावंत’ म्हणत, पण असं म्हणत की ऐकणाऱ्याला ती शिवीच वाटावी. आतोबांच्या आज्यानं म्हणे राजवाड्यातल्या छतावर फुलं रंगवली होती. तंजावुरात ज्याच्या त्याच्या आज्यानं राजवाड्यात काहीतरी केलेलंच असतं. नातवानं मात्र बनियनच्या, विड्यांच्या, मोटरपंपाच्या जाहिराती रंगवल्या. लग्नानंतर दोघं आमच्याच घरी राहिली, आणि काका रोज जेवताना विचारत, “काय कलावंत, आज कुणाचं बनियन?” आतोबा म्हणत, “तुमच्या मापाचं नाही हो, भिंत पुरली नाही.” मला ते फार आवडत. मग एकदा ते पापनाशमला एका सिमेंटच्या जाहिरातीच्या कामाला गेले, ते गेलेच. काही दिवसांनी काका पापनाशमला जाऊन बस स्टँडवर, हॉटेलांत, पोलिसांत विचारून आले. कुणाला काही ठाऊक नव्हतं.

आता मी त्या भिंतीपाशी कसा पोचलो ते. त्या काळात देशात उदारीकरण आलं होतं, आणि उदारीकरण आलं म्हणजे नवी स्कूटर लगेच दारात येणार अशा समजुतीनं मी जुनी विकून टाकली आणि नवीसाठी नाव नोंदवलं. स्कूटर येईना. मी पायी कॉलेजला जाऊ लागलो, आणि जिथं जन्मलो ते गाव मला पहिल्यांदा दिसू लागलं. दोन चाकांवरून माणसाला फक्त खड्डे दिसतात. पायी चालताना भिंती दिसतात.

आणि काय भिंती त्या! पुढाऱ्यांचे चेहरे, गाल टोमॅटोसारखे लाल. निवडणूक लांब असली तरी कोऱ्या भिंतीवर चुन्यानं लिहून ठेवायचं, ही भिंत अमुक पक्षानं राखून ठेवली आहे. आमच्या घराची रस्त्याकडची भिंत दोन पक्षांनी राखली होती आणि आम्हाला कुणीच विचारलं नव्हतं. बोळाच्या तोंडाशी ओळीनं विनायक, येशू आणि मक्केचा घुमट, म्हणजे कुठल्याही धर्माच्या माणसाला तिथं धोतर वर करायची सोय राहू नये. आणि या सगळ्यांना कोपरानं ढकलत घुसलेला नवा माल: धुलाई यंत्रं, केबल टीव्हीच्या छत्र्या, कॉम्प्युटर शिकवणारे क्लास, इंग्रजी नर्सरी. कॉम्प्युटर प्रत्यक्ष न पाहिलेल्या कुणीतरी काढलेला एक कॉम्प्युटर तर हुबेहूब आमच्या शिवणयंत्रासारखा होता. मी कॉलेजला उशिरा पोचू लागलो.

असाच एका सकाळी त्या गोदामाच्या भिंतीसमोर थांबलो. साबणाची वडी हातात घेऊन हसणारी बाई, पुरुषभर उंच, गुलाबी साडी, आणि गळ्यात काळी पोत. दोन पदरी, मधे दोन वाट्या. तमिळ साबण, तमिळ मजकूर, तमिळ भिंत, आणि बाईच्या गळ्यात आमच्या बायकांचे मणी! या गावात हा घोटाळा करणारा पेंटर एकच असू शकतो, ज्याला लग्नाच्या बायकोचा गळा दुसऱ्या कुठल्या प्रकारचा असू शकतो हे सुचतच नाही. आणि रंग इतका ताजा की गुलाबीचे ओघळ अजून चमकत होते.

तर अशी ती घोषणा. पळीतलं सांबार गळून संपल्यावर आत्या म्हणाली, “कोठें म्हणालास?”

“रेल्वे पुलाच्या अलीकडं.”

“दोन पदरी?”

“दोन पदरी. वाट्यासुद्धा.”

ती पळी ठेवून आत गेली. काका म्हणाले, “मणी हा पुरावा होत नाही.” काका आयुष्यभर कोर्टात हेडक्लार्क होते. न्यायाधीश निवृत्त होत गेले, काका मात्र घरी येऊनही कोर्ट भरवून बसलेलेच राहिले. दुसऱ्या दिवशी ते जरीकाठी उपरणं घेऊन, छत्री घेऊन, स्थळपाहणीला निघाले. मी मागे. भिंतीसमोर उभं राहून त्यांनी चष्मा पुसला, घातला, काढला. शेजारच्या सोडावाल्याला विचारलं, हे गळ्यात काय आहे? सोडावाला तमिळमध्ये म्हणाला, “मुंग्यांची रांग असेल, सामी. साबण गोड असतो काय कोण जाणे.”

“ऐकलंस?” काका मला म्हणाले. पण घरी आल्यावर आत्याकडे न बघता त्यांनी जाहीर केलं, “अमावास्येपर्यंत थांबतो. तोवर माणूस हजर करा.”

मग आत्या आणि मी रोज संध्याकाळी निघू लागलो. तिच्या हातात पिशवी, पिशवीत पितळेचा डबा आणि डब्यात चिंचेचा भात.

“हा कशाला?”

“सापडले म्हणजे भुकेले नसतील?”

“आणि काय बोलशील?”

“आधीं जेवूं देईन. मग बोलेन. उपाशी माणसाला बोलणें लागत नाहीं नीट.”

आमच्या घरची मराठी ही अशी, कुणीतरी ट्रंकेत घालून ठेवलेली. पण आत्याच्या तोंडी ती कधी इतकी चुरचुरीत ऐकली नव्हती. ती पुढं, मी मागं. पूक्कार वीधीत, कीळवासलच्या भांड्यांच्या दुकानांमागे, नांजिकोट्टै रस्त्यावर, मेडिकल कॉलेजकडे. आणि भिंती बोलू लागल्या. पंखा लावून झोपलेल्या बाईला काळी पोत. पाटबंधाऱ्याच्या भिंतीवर ‘दोन मुलं पुरे’ म्हणणाऱ्या आईला काळी पोत. सिमेंटच्या पोत्यावर कारण नसताना बसलेल्या एका बाईला काळी पोत. पशुखाद्याच्या जाहिरातीत म्हशीच्या गळ्यात काळा दोरा दिसला तेव्हा मी ओरडलो, “आत्या, हीसुद्धा!” ती वळून म्हणाली, “मेल्या, माझी सवत तरी माणसांतली शोध!” आणि भर रस्त्यात पदर तोंडाला लावून हसली. बारा वर्षांत मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

ती भिंतींशी भांडायचीही. एकीचं नाक तिला पसंत पडलं नाही. “इतकें लांब नाक कुणाचें?”

“तुझंच असेल.”

“माझें? बघ रे नीट माझ्याकडे.” मी नीट बघितलं. तिचंच होतं. तिनंही ते मान्य केलं असावं, कारण नंतर बराच वेळ ती चालताना बोट नाकावरून फिरवत राहिली.

दुकानदारांना विचारलं तर कुणी म्हणे, ठेकेदार माणसं पाठवतो. कुणी म्हणे, पहाटे येऊन रंगवून जातात. माणूस काही हाती लागेना. रोज अंधार पडायच्या सुमाराला आम्ही वडवार नदीच्या काठावर बसायचो आणि आतोबांचा चिंचेचा भात आम्हीच खायचो. “उद्यां जास्त तेल घालतें,” ती म्हणायची. “कोरडा झाला.” चंद्र रोज कमी होत चालला होता. त्याच्याकडे आम्ही दोघंही बघत नसू, आणि दोघांनाही ते ठाऊक होतं.

करंदैला एका नव्या इंग्रजी नर्सरीची भिंत रंगत होती. लांबूनच बांबूची परांची दिसली, परांचीवर उकिडवा बसलेला माणूस दिसला, आणि त्याची पाठ. बारीक, काळी, उघडी पाठ. खांद्यावर रंगाचा फडका. समोर भिंतीवर एक गोरी आई मुलाला शाळेत घेऊन निघालेली, आणि माणसाचा हात तिच्या गळ्यापाशी अगदी हळू चाललेला, टिंब टिंब करत.

आत्या थांबली. मी हाक मारणार, तर तिनं माझा दंड धरला. पहिला पदर पूर्ण होईपर्यंत आम्ही तसेच उभे होतो. मग ती पुढं झाली आणि वर बघून, सकाळीच भांडण झालं असावं अशा सुरात म्हणाली, “जेवायला खालीं उतरायचें कीं वरच आणून देऊं?”

माणूस वळला. गालात विड्याचा फुगा, मोठ्या मिशा. मराठीचं अक्षर न कळणारा, माझ्याहून फार मोठा नसलेला एक तमिळ पेंटर.

“काय म्हणता, अम्मा?”

मीच तमिळमध्ये विचारलं, हे गळ्यात काय काढता?

तो खूश झाला. खाली उतरला, पचकन थुंकला. “चांगलं आलंय ना, सार? गावात कुणाला येत नाही. ही माझी खास गोष्ट. माझ्या हाताखाली शिकलेली दोघंतिघं काढतात, पण त्यांचे मणी म्हणजे शेळीच्या लेंड्या.”

“पण कशाला काढता?”

“या कंपन्या मुंबईच्या ना? मग बायका मुंबईच्याच असणार. मुंबईच्या बायका हे घालतात. मला वाध्यारनं शिकवलं.” वाध्यार म्हणजे गुरुजी. “पापनाशमला थोडे दिवस होतो त्यांच्या हाताखाली. त्यांचा हात! पण बोलण्यात पक्का बदमाश माणूस. घरी कोण आहे विचारलं की सांगायचा नाही. मी एकदा मागेच लागलो, वाध्यार, बायको आहे का नाही? तर म्हणाला, कुठली विचारतोस? साबणाची की सिमेंटची?”

तो हसला. मीही हसलो असतो. हे वाक्य आतोबांचंच होतं, दुसऱ्या कुणाचं असूच शकत नव्हतं.

आत्यानं विचारलं, “आता कुठे असतात?” तमिळमध्ये विचारलं, अगदी सरळ.

“आता कुठले, अम्मा! गेले ते. सिमेंटचं काम चालू होतं तेव्हाच. पाऊस लागला, ताप आला, आणि तापातच पुन्हा परांचीवर चढले. चार दिवसांत खलास. कुणाला कळवायचं, पत्ताच ठाऊक नव्हता. नदीकाठी नेलं, मीच आग दिली. ती सिमेंटवाली अर्धी राहिली होती, ती पण मीच पूर्ण केली.”

सिमेंटचं काम. म्हणजे ज्या कामाला म्हणून ते बसमध्ये चढले, तेच. काका पापनाशमला विचारत फिरले तेव्हा ते त्या नदीकाठीही उरले नव्हते. आणि एवढी वर्षं आत्या रोज आंघोळीनंतर ती पोत डोळ्यांना लावत होती.

पेंटरला आमच्या चेहऱ्यांवरून काहीतरी दिसलं असावं. “तुमचे कोण होते?” त्यानं विचारलं. मी सांगितलं. त्यानं फडक्यानं हात पुसले, परत पुसले, आणि काय करावं न सुचून आत्याच्या पायांना हात लावायला वाकला. ती मागे सरकली. मग तिनं पिशवीतून डबा काढला आणि त्याच्या पुढं धरला.

“जेवा.”

“नको, अम्मा...”

“तेल जास्त घातलंय आज. जेवा.”

तो नर्सरीच्या पायरीवर बसून जेवला. सगळा डबा संपवला, कारण ती समोर उभी होती. नंतर तिनं शाळेच्या नळावर डबा धुतला, उलटा करून झटकला, पिशवीत ठेवला. पेंटरला तिनं दुसरं काही विचारलं नाही. मला वाटतं, कुठला ताप, शेवटी काही बोलले का, हे सगळं विचारायचं तिच्या ओठांवर होतं. पण त्यानं आधीच इतकी उत्तरं दिली होती की जागा उरली नव्हती.

घरी मी काकांना सांगितलं. ते खटला जिंकले होते. त्यांनी पंचांग काढलं, उघडलं नाही, मांडीवर ठेवून बसले. म्हणाले, “चांगलं उत्तर देत असे मला. त्या बनियनचं.” त्याहून जास्त शोक त्यांना जमला नाही आणि मला त्यात थट्टा करायला जागा सापडली नाही.

अमावास्येला तिरुवैयारूच्या घाटावर भटजींनी दर्भाचा माणूस केला. हात, पाय, डोकं, सगळं जागच्या जागी, आतोबांपेक्षा थोडा जाडच. काकांनी अग्नी दिला. दर्भ तो, भुर्रकन जळाला. इतक्या वर्षांची वाट पाहणं उभ्या उभ्या आटोपलं. मग आत्यानं पोत काढली. दोरा नवा होता, तुटेना. भटजी म्हणाले, “ओढा.” ती म्हणाली, “ओढतेंच आहें.” शेवटी काकांनी गाठ सोडवली, नखांनी, आणि त्याला फार वेळ लागला.

पोत कावेरीत सोडायची होती. त्या वर्षी कावेरीत पाणी वरून आलंच नव्हतं. घोट्याएवढ्या पाण्यात पोत पडली ती तिथंच राहिली, एकेक मणी स्वच्छ दिसत. वाहून जायला प्रवाह नाही, बुडायला खोली नाही. भटजी दुसऱ्या यजमानाकडे वळले. आत्या बघत उभी होती. काका धोतर खोचून पाण्यात उतरले, वाकले, आणि मूठमूठ वाळू घेऊन पोतीवर टाकत राहिले, दिसेनाशी होईपर्यंत.

परतीच्या बसमध्ये आम्ही तिघं एका बाकावर होतो, आत्या खिडकीशी. गळा उघडा पडल्यामुळं मणी होते तिथं एक फिकट रेघ दिसत होती, आणि पदर वर ओढला तरी तो घसरत होता. मी आयुष्यभर बोलण्यावर जगलेला माणूस, पण वेन्नारचा पूल गेला तरी मला एक वाक्य सुचलं नाही.

करंदैला बस थांबली. समोर इंग्रजी नर्सरीची भिंत. परांची काढून नेलेली, रंग वाळलेला. गोरी आई मुलाचं बोट धरून, दात दाखवत, शाळेला निघाली होती, आणि तिच्या गळ्यात दोन पदरी काळी पोत, वाट्यांसकट, उन्हात चमकत होती. आत्या तिच्याकडं बघत राहिली. कंडक्टरनं शिट्टी वाजवली, बस हलली, आणि आत्या एकदम, अख्ख्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “अगो बाई, हिला कुणीं सांगितलेंच नाहीं वाटतें!”